पावसाळ्यात थर्मल कॅमेऱ्यात ओल दिसत नाही, मीटर मात्र ओरडतोय – शाहूपुरीतली व्यापारी इमारत

शाहूपुरी_साइट

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या शाहूपुरीत तळमजला अधिक तीन मजले अशी व्यापारी इमारत आहे. खरेदी करणाऱ्याच्या वतीने पाहणी अहवाल द्यायचा आहे. आरसीसी सांगाडा, २३० मिमीच्या विटांच्या भिंती, आतून पीओपी, गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंग थर) आणि त्यावर चायना मोझॅक (चकचकीत टाइलचे तुकडे). खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दवाखाना, वर ऑफिसं.

कॅमेरा भाड्याचा आहे, १६०×१२० पिक्सेलचा. जुलैतला ढगाळ दिवस, सकाळी ११ ची वेळ, आत २५ अंश आणि आर्द्रता ९० टक्के. हाताला लागलं ते असं:

१) तिसऱ्या मजल्याच्या छताला पिवळा डाग आहे. ओल मोजणारा पिनांचा मीटर तिथे लालमध्ये जातो, कॅमेऱ्यात मात्र छत सगळं एकसारखं.
२) दुसऱ्या मजल्यावर पूर्वेच्या भिंतीत, कोपऱ्यालगत गार उभा पट्टा. मीटर म्हणतो कोरडं.
३) दवाखान्याच्या फॉल्स सीलिंगच्या एका टाइलवर गार ठिपका, मीटर ओला. वर दुसऱ्या मजल्याचं टॉयलेट आहे.
४) तळमजल्यावर मागच्या भिंतीचा खालचा दोन-अडीच फूट पट्टा गार.

कॅमेराच हलका पडतोय का? ३२० किंवा ६४० वाला आणावा का? आणि अहवालात यातलं काय लिहावं?

---

थर्मल_ताराबाईपार्क

साहेब, कॅमेरा बदलून पहिला मुद्दा सुटणार नाही. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे: २५ अंश आणि ९० टक्के.

कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, पृष्ठभागाचं तापमान दिसतं. आतल्या भिंतीवरची ओल गार दिसते, कारण पाणी उडताना गिलाव्यातली उष्णता घेऊन जातं. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर उडणार काय? उडण्यामुळे पृष्ठभाग जास्तीत जास्त ओल्या बल्बच्या तापमानापर्यंत (ओलं कापड गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) उतरू शकतो. २५ अंश, ९० टक्के हवेत ते साधारण २३.७ आहे, म्हणजे सगळा मिळून सव्वा अंशाचा खेळ. त्यात ओल पीओपी आणि रंगाच्या मागे असली की प्रत्यक्षात हाताला दोन-तीन दशांशच येतात. तेच ३० अंश आणि ५० टक्के असतं तर ओला बल्ब २२.३ च्या आसपास, म्हणजे पावणेआठ अंशांची जागा. कॅमेरा तोच, भिंत तीच.

म्हणून पावसाळ्यात फरक आपण तयार करायचा. ज्या खोलीची तपासणी आहे तिची दारं-खिडक्या लावा, एसी ड्राय मोडवर रात्रभर चालवा. एसी पुरत नसेल तर डीह्युमिडिफायर भाड्याने आणा. आर्द्रता ५५ च्या खाली आली की संशयित भागावर साधा स्टँड फॅन २०-३० मिनिटं तिरका सोडा. मग एसी आणि पंखा दोन्ही बंद करून १५ मिनिटं थांबा आणि मगच पाहा. ही १५ मिनिटं वाचवू नका. एसीचा गार झोत ज्या भिंतीवर पडतो ती भिंत कोरडी असूनही ओल्यासारखी दिसते, आणि निम्मे खोटे ठिपके तिथूनच येतात.

दुसरा मार्ग उलटा आहे. हीट ब्लोअर दीड-दोन मीटरवरून सारखा फिरवत भिंत पाच-सात अंशांनी तापवा आणि बंद करून पाहत राहा. ओला भाग तापायलाही मागे राहतो आणि निवायलाही मागे राहतो. पाण्याची उष्णताधारकता दर किलो दर अंशाला ४.१८ किलोज्यूल, काँक्रीटची ०.९ च्या आत. लहान भागासाठी हे चालतं, अख्ख्या हॉलसाठी नाही.

आता कॅमेऱ्याची मांडणी. बहुतेक लोक ऑटोवर ठेवून फिरतात आणि तिथेच फसतात. चौकटीत एखादी ट्यूबलाइट किंवा एसीची जाळी आली की कॅमेरा १५ ते ४५ अंश असा तापमानाचा पट्टा पकडतो आणि अर्ध्या अंशाची ओल त्यात बुडून जाते. मॅन्युअलवर जा, कोरड्या भिंतीचं तापमान मध्यावर ठेवा आणि पट्टा ४ अंशांचा करा, जमलं तर ३ चा. रंगसंगती करडी किंवा लोखंडी (तापत्या लोखंडासारखी) ठेवा. इंद्रधनुषी रंगात प्रत्येक दशांशाला रंग बदलतो आणि मग सगळी इमारतच ओली वाटायला लागते.

उत्सर्जकता (पृष्ठभाग किती उष्णता किरणांनी बाहेर टाकतो तो आकडा) रंगवलेल्या गिलाव्याला ०.९५ ठेवा. चकचकीत स्टील, उघडं ॲल्युमिनियम, न रंगवलेला गॅल्व्हल्यूम पत्रा यांच्यावर तापमान वाचूच नका, तिथे समोरचं प्रतिबिंब दिसतं. मोजायचंच असेल तर काळी इलेक्ट्रिकल टेप चिकटवून पाच मिनिटांनी टेपवर मोजा. काचेपलीकडचंही काही दिसत नाही. प्रतिबिंब ओळखायची खूण सोपी आहे: दोन पावलं बाजूला सरका. ठिपका तुमच्याबरोबर सरकला तर तो भिंतीचा नाही.

पिक्सेलबद्दल. १६०×१२० च्या कॅमेऱ्याला साधारण ५५ अंशांच्या कोनातलं टिपणारं भिंग असेल तर ३ मीटरवरून एक पिक्सेल १८ मिमीचा पडतो. आकडा खरा यायला ठिपका निदान तीन पिक्सेल रुंद हवा, म्हणजे ५-६ सेंटिमीटर. ३२० पिक्सेल आणि २४ अंशांच्या भिंगाला तोच पिक्सेल ४ मिमीचा होतो. ऑफिसच्या छताला तुमचा चालेल, फक्त शिडी लावून दीड मीटरवर जा. १० मीटर उंच शेड किंवा बाहेरची दर्शनी भिंत असेल तर मात्र ३२० च्या खाली उतरू नका. पैसे घालायचेच तर पिक्सेलआधी संवेदनशीलतेत घाला, ०.०५ अंश किंवा त्याहून बारीक फरक ओळखणारा हवा.

---

कोबा_आणि_वाटा

वरचं सगळं खरं, पण तिसऱ्या मजल्याच्या छताची गोष्ट खालून सुटत नाही. गच्चीवर चढावं लागतं आणि तिथे गणित उलटं होतं.

गच्चीवर ओल गार नाही, गरम शोधायची. दिवसभर ऊन खाल्लेला कोबा सूर्य बुडाल्यावर निवत जातो. जिथे पाणी मुरलंय तिथे साठा जास्त म्हणून तो भाग उशिरा निवतो. सूर्यास्तानंतर पाऊण तासापासून पुढचे दोन-तीन तास ही वेळ. अट अशी की आदल्या २४ तासांत पाऊस नको, दिवसा कडक ऊन हवं, वर पाणी साचलेलं नको आणि वारा पडलेला हवा. जुलैत कोल्हापुरात हे सगळं एका दिवशी जमणं म्हणजे लॉटरीच. गच्चीचा थर्मल दसरा ते दिवाळी या दिवसांत करावा. आकाश मोकळं, ऑक्टोबरचं ऊन, आणि कोब्याच्या पोटात पावसाळ्याचं पाणी अजून आहे. उन्हाळ्यात कोबा वाळून जातो आणि कॅमेरा क्लीन चिट देतो.

आणखी एक. छपरातली ओल शोधायची जी एएसटीएम सी ११५३ ही अमेरिकी मानक पद्धत आहे ती स्लॅबवर इन्सुलेशनचा थर असलेल्या छपरांसाठी लिहिलेली आहे. तिथे ओलं इन्सुलेशन ठळक उठून दिसतं. आपला कोबा १०० ते १५० मिमी जाड, खाली स्लॅब, दोन्ही मुळातच उष्णता धरून ठेवणारे. फरक येतो, पण मंद आणि कडा विरघळलेल्या. तेव्हा कोब्यावरचा गरम डाग हा इशारा समजा, पुरावा नाही.

चायना मोझॅकवर आडव्या नजरेने पाहू नका. तुकडे ग्लेझचे असतात आणि तिरक्या कोनात मोकळ्या आकाशाचं प्रतिबिंब घेतात. रात्रीचं निरभ्र आकाश कॅमेऱ्याला उणे तापमानाचं दिसतं, म्हणजे सगळी गच्ची गारेगार. जिन्याच्या खोलीच्या माथ्यावरून खाली पाहिलं की काम होतं. दुपारी टाकीची सावली कुठे पडली होती ते आधी टिपून ठेवा, तो भाग संध्याकाळी गार राहतो. शेवाळाचे काळे पट्टे ऊन जास्त खातात, त्यांना ओल समजू नका. कठड्याच्या आतल्या बाजूची पट्टीही गरम दिसते, कारण विटांचा कठडा तिच्यावर उष्णता टाकत असतो. गंमत अशी की खरी गळती बहुतेक वेळा तिथेच असते: वाटा (गच्ची आणि कठड्याच्या कोनातली सिमेंटची गोलाई) सुटलेला, किंवा पावसाच्या पाइपाच्या तोंडाभोवती भेग. म्हणून त्या पट्टीसाठी कॅमेऱ्यावर विसंबू नका. हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा, पोकळ आवाज येईल तिथे खूण करा.

आणि छताचा डाग स्लॅबमध्ये जिथे दिसतो त्याच्या बरोबर वर गळती असतेच असं नाही. कोब्यात शिरलेलं पाणी स्लॅबच्या ढाळाने सरकतं आणि स्लॅबमधली इलेक्ट्रिकची नळी किंवा बांधकामाचा जोड सापडला की तिथून उतरतं. डागाभोवती दोन-तीन मीटरपर्यंत सगळे फॅन बॉक्स उघडून पाहा. पाहण्याआधी त्या सर्किटचा एमसीबी खाली करा.

खात्रीसाठी पाणी साठवून पाहा. पाइपांची तोंडं बंद करा, विटा-माती-सिमेंटची ताल (छोटा बांध) घालून गच्चीचे कप्पे पाडा आणि सर्वांत उथळ जागी २५ मिमी पाणी राहील असं ४८ तास ठेवा. एका वेळी एकच कप्पा भरा. सगळी गच्ची एकदम भरली तर गळतंय एवढंच कळतं, कुठून ते कळत नाही. २५ मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला २५ किलो, स्लॅबला जड नाही. मात्र ढाळामुळे खोल बाजूला १५० मिमी झालं तर तो दीडशे किलो असतो. इमारत जुनी आणि सळ्या उघड्या पडलेल्या असतील तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

---

नळकाम_उद्यमनगर

दोन आणि तीन नंबरचं मी सांगतो.

दोन नंबरचा पट्टा किती रुंद आहे ते मोजलं का? ३०-५० मिमी आणि कडा सरळ असतील तर तो भिंतीत गाडलेला एसीचा ड्रेन पाइप असणार. आतून गार पाणी वाहतं म्हणून भिंत गार, पण कोरडी. २३० किंवा ३०० मिमी रुंद असेल तर आरसीसी कॉलम. रात्री निवलेलं काँक्रीट सकाळी विटांच्या मागे राहतं. एसी बंद करून तासाभराने पुन्हा पाहा. पट्टा विरला तर पाइप, तसाच राहिला तर कॉलम. ओलीचा आकार असा रेघ मारल्यासारखा नसतो. ती ढगासारखी पसरते, कडेला फिकी होत जाते आणि खाली ओघळते.

तीन नंबरला लगेच टॉयलेटवर आळ घेऊ नका. टाइलच काढा. जिप्समच्या पलीकडचं कॅमेऱ्याला दिसत नाही, टाइल भिजल्यावरच दिसते. वर आधी एसीच्या गोष्टी बघा: छतात बसवलेल्या कॅसेट युनिटच्या ड्रेनला ढाळ आहे का (मीटरला निदान १० मिमी), ट्रॅपमध्ये शेवाळाचा चिखल आहे का, गार पाइपावरचं नायट्राइल इन्सुलेशन जोडाला उघडं आहे का. बाहेरची २५ अंश, ९० टक्के हवा फॉल्स सीलिंगच्या वर शिरली की तिचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं) २३.२ येतो. पाइप १० अंशांचा. धो धो घाम येणारच. दिवसाला बादलीभर पाणी गळतं आणि लोक वरच्या टॉयलेटच्या फरशा फोडतात.

एसी आठ तास बंद ठेवला आणि थेंब थांबला तर एसी. नाही थांबला तर टॉयलेटकडे चला. तिथे तीन वेगवेगळ्या शंका आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

पुरवठ्याची लाइन: सगळे नळ बंद करून हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या, तासभर काटा बघा. उतरला तर लाइन.
ड्रेन: नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालचा पाण्याचा सापळा) ४५-५० अंशांचं पाणी १५-२० लिटर एकदम ओता आणि त्याच वेळी खालून कॅमेरा लावा. गळत असेल तर दहा-पंधरा मिनिटांत गरम डाग उमटतो. त्याहून गरम पाणी नको, एसडब्ल्यूआर (सांडपाणी-पावसाचं पाणी वाहणाऱ्या) पीव्हीसी पाइपाचे जोड उकळत्या पाण्याने सैल होतात. ही युक्ती पावसाळ्यातही चालते, हवेच्या आर्द्रतेशी तिचा संबंध नाही.
वॉटरप्रूफिंग: ट्रॅपला बुच मारून ४८ तास पाणी ठेवा. सन्कन स्लॅब (टॉयलेटखाली खोल घेऊन भरावाने भरलेली) असेल तर भरावात आधीचं पाणी साठलेलं असतं, त्यामुळे ट्रॅप बदलल्यावरही महिनाभर थेंब पडत राहतो. म्हणजे दुरुस्ती फसली असं नाही.

---

शाहूपुरी_साइट

आभारी आहे. दोन नंबरचा पट्टा ४० मिमी भरला आणि एसी बंद केल्यावर तासाभरात गेला, म्हणजे ड्रेन पाइपच. तिसऱ्या मजल्यावर रात्रभर ड्राय मोड लावला, आर्द्रता ५४ वर आली, पट्टा ४ अंशांचा ठेवला. डागाभोवती ०.९ अंश गार भाग स्पष्ट आला आणि डोळ्यांना दिसणाऱ्या डागाच्या जवळपास दुप्पट मोठा आला.

राहिली तळमजल्याची भिंत. मीटर तिथे सगळीकडे लाल. शेजारी म्हणतात पुराचं पाणी इथवर आलं होतं.

---

जुनी_भिंत

शाहूपुरी म्हटल्यावर हे येणारच होतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पंचगंगेचं पाणी तिथल्या दुकानांत होतं. पण तेवढ्यावरून आजची ओल पुराची ठरत नाही. २३० मिमीची भिंत वाळायला ढोबळमानाने दर २५ मिमी जाडीला महिना धरतात, म्हणजे नऊ-दहा महिने. पुराचं मूळ पाणी केव्हाच गेलं. मागे राहतो तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार.

पुराचं पाणी आणि जमिनीतून चढणारी ओल क्षार घेऊन येतात. पाणी उडतं, क्षार गिलाव्यात राहतात. क्षार पावसाळी हवेतूनच ओलावा ओढतात, म्हणून गळती नसतानाही भिंत जुलैत दमट आणि मार्चमध्ये कोरडी. शिवाय पिनांचा मीटर विजेचा रोध मोजतो, आणि क्षार वीज वाहू देतात. त्यामुळे लोणा लागलेल्या भिंतीवर मीटर लाल जातो म्हणजे पाणी किती हे कळत नाही. तुमचा 'सगळीकडे लाल' याच जातीचा असू शकतो.

कॅमेऱ्यातला गार पट्टाही लगेच ओल समजू नका. खोलीतली गार हवा खाली बसते, फरशी गार असते. कोरड्या भिंतीचाही पाया माथ्यापेक्षा एखादा अंश गार असतो. त्याच खोलीतली आतली, जमिनीतून ओल न चढलेली भिंत घ्या आणि दोन्हींवर फरशीपासून १५, ५०, १०० आणि १५० सेंटिमीटरवर तापमान वाचा. दोन्हीकडे उतार सारखा असेल तर ओल नाही. मागच्या भिंतीत ५० आणि १०० च्या मधे एकदम पायरी पडली तर ओलीची रेषा तिथे आहे.

मग नमुना काढा, यात शॉर्टकट नाही. १२ मिमीचा बिट, ड्रिल सावकाश, कारण जोरात फिरवलं तर उष्णतेने नमुनाच वाळतो. वरचा १५ मिमी गिलावा टाकून द्या, ८० मिमी खोलीपर्यंतची भुकटी हवाबंद पिशवीत भरा. वर सांगितलेल्या चार उंचींवर एकेक. लगेच वजन, मग १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत. ५० ग्रॅमची भुकटी ४७ झाली तर कोरड्या वजनाच्या ६.४ टक्के पाणी. पीओपी किंवा जिप्समचा तुकडा मात्र १०५ ला घालू नका. त्याच्या स्फटिकातलं पाणीही उडतं आणि आकडा फुगतो, त्याला ४०-४५ अंशच.

आकडे खालून वर उतरत गेले तर जमिनीतून चढणारी ओल. चारही ठिकाणी साधारण सारखे आणि थोडे आले, वर पांढरी पूड असली तर क्षारांचा खेळ. मधेच एका उंचीवर उडी असेल तर मागच्या बाजूला काहीतरी आहे: बाहेरचा नळ, गटार, किंवा शेजारच्या जागेची माती जोत्याच्या वर आलेली. मागच्या बोळात जाऊन बघाच, अर्धी उत्तरं तिथे पडलेली असतात.

यावर वॉटरप्रूफ रंग मारून इमारत विकायला काढतात, तेही तपासा. नवा ऑइलपेंट किंवा टाइलचा दोन फुटी पट्टा फक्त मागच्या भिंतीलाच असेल तर ओल त्या टाइलच्या वर चढलेली सापडेल. टाइलवर नाही, टाइलच्या वरच्या कडेवर मीटर लावा.

---

थर्मल_ताराबाईपार्क

अहवालाचं राहिलं.

'थर्मल तपासणीत ओल आढळली' असं वाक्य लिहू नका, ते कोर्टात टिकत नाही. 'उष्णतेतील फरक आढळला, मीटर वाचनाने ओलावा असल्याची पुष्टी झाली' किंवा 'पुष्टी झाली नाही' असं लिहा. तुमचा दोन नंबरचा पट्टाही अहवालात घ्या, कोरडा असल्याच्या नोंदीसह. नाहीतर उद्या दुसरा कॅमेरावाला येऊन तो तुमची चूक म्हणून दाखवेल.

प्रत्येक चित्रासोबत त्याच जागेचा साधा फोटो, तारीख-वेळ, आतलं-बाहेरचं तापमान आणि आर्द्रता, मागच्या २४ तासांतला पाऊस, एसी चालू की बंद, अंतर, उत्सर्जकता आणि बाजूची तापमानपट्टी. मीटरची वाचनं किमान तीन: कोरडा संदर्भ, डागाची कड, डागाचा मध्य. पिनांचे मीटर बहुतेक लाकडासाठी जुळवलेले असतात, तेव्हा गिलाव्यावरचा '२८' म्हणजे २८ टक्के पाणी नव्हे. एकक न लिहिता 'सापेक्ष वाचन' म्हणा.

गच्चीसाठी स्वतंत्र ओळ घाला की तपासणी जुलैत झाली, कोब्याची संध्याकाळची थर्मल पाहणी ऑक्टोबरमध्ये करावी लागेल आणि तोवर गच्चीबद्दलचं मत राखून ठेवलं आहे. खरेदीदाराला घाई असेल तर 'कोबा_आणि_वाटा' यांनी सांगितलेली कप्प्यांची पाणी चाचणी आत्ताच करता येते, पाणी तर आभाळातूनच येतंय.

---

शाहूपुरी_साइट

भाड्याचा कॅमेरा परवा परत द्यायचा आहे. चित्रं नंतर संगणकावर सुधारता येतात का?

---

थर्मल_ताराबाईपार्क

तापमानासह जपलेली मूळ फाइल असेल तर पट्टा, रंगसंगती, उत्सर्जकता सगळं नंतर बदलता येतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये साधी जेपीजी निवडली नाही ना, तेवढं आज बघा. फोकस मात्र नंतर बदलता येत नाही. मॅन्युअल फोकसचा कॅमेरा असेल तर तिसऱ्या मजल्याची चित्रं परत देण्याआधी एकदा मोठी करून पाहा. डागाची कड धूसर आहे की ओलच तशी पसरली आहे, हे तिथेच उभं राहून कळतं.